मामाचं कर्जत आणि मशीनचं कर्जत

गेल्या वर्षी जुलैत, आठवडाभर पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता तेव्हाची गोष्ट. मी लोकलमध्ये, खिडकीजवळची जागा मिळालेली, आणि मामाचा फोन.

"काय रं इंजिनेर, तुझा तो एआय येडा हाय काय?"

माझा मामा कडावच्या पलीकडे राहतो आणि भात लावतो. मी ऐरोलीच्या एका कंपनीत चॅटबॉट बनवतो, एवढं त्याला माहीत आहे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही चॅटबॉटने काहीही केलं की त्याचा जाब मला द्यावा लागतो. भाच्याने पोलिसात नोकरी धरली की गावातल्या प्रत्येक चलनाबद्दल त्यालाच विचारतात, तसं.

झालं होतं असं. लावणीनंतर मामाच्या खालच्या खाचरातली रोपं पिवळी पडायला लागली. पोराने फोनवर कुठलंसं ॲप टाकून दिलं होतं. मामाने त्यात बोलून विचारलं, "कर्जत तालुक्यात भात पिवळा पडलाय, काय करू?" उत्तर दोन सेकंदांत आलं. स्वच्छ मराठी, पाच मुद्दे, वर "नमस्कार शेतकरी बंधू". पहिला मुद्दा: कर्जत हा कमी पावसाचा तालुका असल्याने पिकाला पाण्याचा ताण बसला असावा. दुसरा: ठिबक सिंचन करा. तिसरा: पुढच्या हंगामात भाताऐवजी ज्वारीचा विचार करा.

मामा हे वाचत होता तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा होता.

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक आमचं, रायगडातलं, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, जिथे पाचशे-सहाशे पडला तरी लोक समाधान मानतात. मशीनने मामाला शांतपणे उचलून घाट चढवला आणि दुष्काळी भागात नेऊन ठेवलं.

इथवर हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसलोही. पण चौथ्या मुद्द्यात एका औषधाचं नाव होतं, आणि पुढे लिटरला किती मिली हा आकडा. मामा म्हणाला, "पहिलं तीन येडं व्हतं, पन चौथं बराबर वाटलं. गाडीला किक मारली व्हती, म्हनलं तुला विचारून जावं."

पहिले तीन मुद्दे डोळ्यांदेखत चुकीचे असताना माणूस चौथ्यावर विश्वास ठेवतो, कारण त्यात आकडा असतो. हा मामाचा वेडेपणा नाही. गेली सत्तर वर्षं जगातली फार मोठी, फार शिकलेली माणसं या मशीनपुढे हेच करत आलेली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी किक मारलेल्या गाड्यांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

आधी व्याख्या, म्हणजे डोक्याला ताप नको

माणसाने एखादं काम केलं तर आपण त्याला हुशार म्हणू, तेच काम मशीनने केलं तर त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणायचं. यात एक गंमत आहे. मशीनला ते काम नीट जमायला लागलं की आपण त्याला हुशार म्हणणं बंद करतो. फोनमधला नकाशा रस्ता शोधतो, त्याला आता कोणी बुद्धिमान म्हणत नाही. सुनेच्या कामासारखं आहे ते. रोज नीट झालं की दिसत नाही.

मशीनला शहाणं करायचे मुख्य रस्ते दोन. समजा तुम्हाला मशीनला वडापाव ओळखायला शिकवायचंय.

पहिला रस्ता नियमांचा. तुम्ही लिहून देता: गोल असावा, पिवळसर असावा, पावात असावा, सोबत मिरची असावी. मशीन खूश. मग कोणी पावात कटलेट ठेवून आणतो आणि मशीन त्याला वडापाव म्हणून मोकळं होतं. मग तुम्ही आणखी नियम लिहिता. मग मिरची संपलेली असते आणि मशीन खऱ्या वड्याला ओळख देत नाही.

दुसरा रस्ता उदाहरणांचा. नियम काहीच सांगायचे नाहीत. वडापावचे लाखभर फोटो दाखवायचे, वडापाव नसलेल्या गोष्टींचे लाखभर दाखवायचे, आणि म्हणायचं, तूच काय ते शोध. मशीन शोधतं. पण तुमचे सगळे फोटो कर्जत स्टेशनवर काढलेले असतील, तर ते असंही शिकू शकतं की मागे रेल्वेचा डबा दिसला म्हणजे वडापाव. तुम्हाला वाटतं त्याला वडा कळला. त्याला डबा कळलेला असतो.

नियमवाले आणि उदाहरणवाले यांची भाऊबंदकी म्हणजेच पुढचा सगळा इतिहास.

दोन महिन्यांत होईल

१९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एक लेख लिहिला. मशीन विचार करू शकतं का, हा प्रश्नच घोळाचा आहे, म्हणून त्याने तो बदलला. पडद्याआडून लेखी गप्पा मारताना समोर माणूस आहे की मशीन हे तुम्हाला ओळखता आलं नाही, तर काय म्हणाल? या ट्युरिंगच्या आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनियर होते. हे सांगितल्यावर माझ्या बाबांना ट्युरिंग एकदम घरातला वाटायला लागला. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, शेवटची बरीच वर्षं कर्जत यार्डात. ते पुढे येतीलच.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव जॉन मॅकार्थी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका अर्जात वापरलं. अर्ज पैशांसाठी होता. म्हणणं असं की निवडक दहा शास्त्रज्ञ एक उन्हाळा, म्हणजे दोन महिने, एकत्र बसले तर या विषयात भरीव प्रगती होईल. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ते बसलेही. सॉफ्टवेअरवाल्याने दिलेल्या मुदतीवर विश्वास ठेवू नये, हा धडा माणसाला तेव्हाच मिळायला हवा होता.

तेव्हाची हवाच तशी होती. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये एका कंप्युटरने रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं. शब्द २५०, व्याकरणाचे नियम ६, वाक्यं आधीच निवडलेली. भाषांतराचा प्रश्न तीन ते पाच वर्षांत सुटेल असं सांगण्यात आलं. बारा वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीने हिशेब मांडला: माणसांनी केलेलं भाषांतर स्वस्तही आहे आणि चांगलंही. पैसे आटले.

१९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅटने परसेप्ट्रॉन आणला, उदाहरणांतून शिकणारं मशीन. हे पुढे चालेल, बोलेल, बघेल, लिहील, असं वर्तमानपत्रात छापून आलं. प्रत्यक्षात त्याला कार्डाच्या डाव्या बाजूची खूण आणि उजव्या बाजूची खूण यांतला फरक शिकता येत होता. आमच्या गावात इतक्या प्रगतीवर जाहीर सत्कार होत नाहीत.

१९६६ मध्येच जोसेफ वायझेनबॉम याने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला. तो मानसोपचारतज्ज्ञाचं सोंग घ्यायचा. तुम्ही म्हणालात "मला आईचा राग येतो", की तो म्हणणार "तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा". आत समज शून्य, नुसती शब्दांची फिरवाफिरव. पण वायझेनबॉमची स्वतःची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता, ती त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने साहेबांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? वायझेनबॉम हादरला, आणि पुढे आयुष्यभर या विषयाचा टीकाकार झाला.

मामा, वायझेनबॉमची सेक्रेटरी आणि आपण सगळे एकाच वर्गातले विद्यार्थी आहोत. कोणी नीट वाक्यात उत्तर दिलं की त्याला कळतंय असं आपण धरून चालतो.

कुलाब्याचं १० केबी

आता घाटाखालून मुंबईकडे जाऊ. हे सगळं अमेरिकेतच चाललं होतं असं नाही.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात काही तरुण मंडळी स्वतःच कंप्युटर बांधत होती. त्यांचे म्होरके आर. नरसिंहन. मशीन १९६० मध्ये कामाला लागलं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं: टिफरॅक. त्यात २,७०० व्हॅक्युम ट्यूब होत्या, आणि स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या भाषेत सगळं मिळून १० केबी. तुमच्या मावशीने सकाळी पाठवलेला गुलाबाचा फोटो त्यात मावला नसता. पण त्याच १० केबीवर देशातले शास्त्रज्ञ रांग लावून गणितं सोडवत होते.

नरसिंहन १९६१ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. प्रश्न असा होता: अणुविज्ञानाच्या प्रयोगांत कणांच्या मागाचे ढीगभर फोटो निघतात, ते माणसाने किती तपासायचे? मशीनला चित्र वाचता येईल का? नरसिंहन यांची कल्पना सुंदर होती. वाक्याला जसं व्याकरण असतं, तसं चित्रालाही असतं असं समजू. रेघा म्हणजे शब्द, त्या कशा जुळतात ते व्याकरण. चित्रातला आकार मशीनने ओळखण्याच्या शास्त्रात हे सुरुवातीचं, पायाचं काम आहे. १९६४ नंतर ते पुन्हा मुंबईत आले आणि पुढे मूल भाषा कशी शिकतं याच्या मागे लागले.

आज खालापूरच्या टोलनाक्यावरून एक्स्प्रेसवेला लागलात की डोक्यावरच्या कमानींवर कॅमेरे दिसतात. २०२४ पासून तिथे नवी वाहतूक यंत्रणा आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, वेग मोजतो, पट्टा लावलाय का बघतो. प्रश्न जुनाच, चित्रात नेमकं काय आहे? फक्त तेव्हा त्यातून कण सापडायचे, आता खोपोलीचा ड्रायव्हर सापडतो. आमच्याकडे लोक कमान दिसली की पट्टा ओढतात आणि मागे गेली की सोडतात. उदाहरणांतून शिकायची क्षमता फक्त मशीनमध्ये नाही.

विद्वान

१९७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत या विषयाचे पैसे पुन्हा आटले. या काळाला आमच्या धंद्यात एआयचा हिवाळा म्हणतात. मग १९८० च्या आसपास नियमवाल्यांनी नवी युक्ती काढली. सगळ्या जगाचं ज्ञान नको, एकाच तज्ज्ञाचं द्या. डॉक्टरला समोर बसवायचं, तो कसा निदान करतो ते विचारायचं, "ताप असेल आणि अमुक असेल तर तमुक" असे शेकडो नियम लिहायचे. याला एक्स्पर्ट सिस्टिम म्हणत. जपानने १९८२ मध्ये यावर मोठा राष्ट्रीय प्रकल्प काढला, आणि बाकी देशांना आपण मागे पडू अशी धास्ती वाटली.

भारतानेही १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन असा कार्यक्रम सुरू केला. त्यातलं एक केंद्र मुंबईत जुहूला होतं, एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी. ही संस्था २००३ मध्ये सीडॅकमध्ये विलीन झाली. तिथे एक्स्पर्ट सिस्टिम बांधायची हत्यारपेटी तयार झाली, आणि तिचं नाव ठेवलं होतं 'विद्वान'. नियम तुमचे, ते लावून निष्कर्ष काढायचं काम विद्वानाचं.

कल्पना वाईट नव्हती. अडचण तज्ज्ञांची होती. समजा मी मामाला समोर बसवलं आणि विचारलं, लावणीला वाफा तयार आहे हे तुला कसं कळतं? मामा सांगेल, चिखलात पाय टाकला की कळतं. काय कळतं? कळतं. नियम काय लिहू? "पाय टाकला तर कळतं." चाळीस वर्षांचं ज्ञान तळव्यात असतं, ते तोंडातून निघत नाही. आणि जे निघतं त्याला इतके अपवाद असतात की नियम दहाचे हजार होतात आणि एकमेकांशी भांडायला लागतात. १९८० चं दशक संपता संपता पुन्हा हिवाळा.

पण विद्वानांच्या त्या पिढीचा एक गुण मला आता फार मोठा वाटतो. त्यातल्या चांगल्या प्रोग्रॅमना विचारता यायचं, "हे तू कशावरून म्हणतोस?" आणि ते वापरलेले नियम ओळीने दाखवायचे. आणि माहिती कमी पडली तर ते थांबून पुढचा प्रश्न विचारायचे.

पुढचा शब्द सांगा

मग उदाहरणवाल्यांचे दिवस आले. १९५८ च्या कल्पनेला हव्या होत्या त्या दोन गोष्टी आता मुबलक झाल्या होत्या: इंटरनेटवर साठलेली उदाहरणं आणि व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या जोरकस चिप. २०१२ मध्ये अशा एका मशीनने फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांना मैलभर मागे टाकलं. २०१७ मध्ये गूगलमधल्या आठ जणांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली. आजचे बहुतेक चॅटबॉट तिच्यावरच उभे आहेत. त्या आठांतल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या. आमच्या बॅचला कोणी हे सांगितलं असतं तर आम्ही निदान तिसऱ्या बाकापर्यंत पुढे बसलो असतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतर मामापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला नाही.

हे मशीन करतं काय? मूळ खेळ एकच: पुढचा शब्द ओळखा. "कर्जत स्टेशनवर उतरून गरमागरम" यापुढे काय? तुम्ही वडा म्हणालात. तुम्ही उत्तर शोधलं नाहीत, ते तुमच्या तोंडात आलं, कारण असं वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय. मशीनने अब्जावधी वाक्यं वाचलेली असतात, त्यामुळे त्याच्या तोंडात जवळजवळ कशाचंही पुढचं येतं. ट्रान्सफॉर्मरची करामत एवढी की पुढचा शब्द ठरवताना मागच्या कुठल्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं हे तो शिकतो.

मामाच्या वाक्यात 'भात' हा शब्द होता. त्याकडे नीट लक्ष गेलं असतं तर मशीन कोकणात उतरलं असतं. पण कर्जत आणि शेती हे दोन शब्द जवळ आले की पुढे दुष्काळ, ठिबक, ज्वारी हेच त्याने जास्त वाचलेलं असावं. आमच्या कर्जतबद्दल इंटरनेटवर काय आहे? फार्महाऊस, धबधबे, वीकेंड, आणि "मुंबईजवळचा स्वर्ग". आमच्या भाताबद्दल फारच थोडं. मशीन खोटं बोललं नाही. त्याने जे वाचलं होतं त्याचं सरासरी कर्जत सांगितलं. फक्त त्या कर्जतमध्ये मामा राहत नव्हता.

मराठी कुठून आणायची?

तुम्ही म्हणाल, मग घाला की आणखी मराठी. इथे आपला स्वतःचा इतिहास आडवा येतो.

आपण वर्षानुवर्षं कंप्युटरवर मराठी टाईप केली, पण ती वेगवेगळ्या फॉन्टांत. पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत कंप्युटरच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं. फॉन्ट काढला की ज्ञानेश्वरीचं भंगार. त्या काळातलं कितीतरी मराठी मशीनच्या दृष्टीने लिहिलंच गेलेलं नाही. युनिकोड आल्यावर 'क' हा सगळीकडे 'क' झाला, पण ते अंगवळणी पडायला वेळ लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी शब्दांचं अर्थजाळं विणलं, जेणेकरून 'कर' म्हणजे हात, कर म्हणजे टॅक्स की कर म्हणजे "गप काम कर", हे मशीनला वेगळं करता यावं. २०२२ मध्ये पुण्याच्या एल थ्री क्यूब या गटाने इंटरनेटवरून २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह करून सगळ्यांसाठी खुला केला. हे काम करणाऱ्यांचे पुतळे उभारत नाहीत, पण तुमच्या फोनला थोडीफार मराठी येते त्यात अशा लोकांचा हात आहे.

आणखी एक तांत्रिक अन्याय सांगतो. कर्जत हा शब्द इंग्रजी लिपीत लिहिला तर कंप्युटरला ६ बाइट लागतात. देवनागरीत क, र, हलन्त, ज, त अशी पाच चिन्हं, प्रत्येकी ३, एकूण १५. चॅटबॉट मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि मराठीचे तुकडे सहसा जास्त पडतात. एकच गोष्ट सांगायला मराठी माणसाला जास्त मीटर पडतं, रिक्षात बसल्यासारखं.

आणि ही झाली छापील मराठी. मामा बोलतो ती भाषा कुठे छापलीय? आमच्या डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर जे बोललं जातं ते कुठल्या संग्रहात आहे? लिहिलेलं नाही म्हणजे मशीनच्या जगात ते नाहीच.

यादीत नसलेली वाडी

यापुढचा एक परिच्छेद हसण्यासारखा नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. नंतर विधानसभेत सांगण्यात आलं की दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. यात एआयचा काही संबंध नव्हता. यादी माणसांनी केलेली, कागदावरची. पण एआयवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ते वाक्य विसरता येत नाही. यादीत नाव नाही, याचे दोन अर्थ होतात: तिथे धोका नाही, किंवा तिथे कोणी पाहिलेलं नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कोरे. आणि मशीन शिकतं ते कागदावरूनच. कोऱ्या जागी ते "मला माहीत नाही" म्हणत नाही, शेजारच्या गोष्टींवरून काहीतरी भरून टाकतं. तेही नमस्कार घालून.

सांधे कुठे लावलेले असतात

त्या रात्री जेवताना मी बाबांना मामाचा किस्सा सांगितला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या मशीनला कॅच सायडिंग नाही का?"

कर्जतच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुमच्यासाठी सांगतो. भोर घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. चढ ३७ फुटांना एक फूट, रेल्वेच्या मानाने भयंकर. चढताना कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती ढकलतात, लोणावळ्याला सुटतात. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला तोसुद्धा गाडी या कामासाठी थांबायची म्हणून. एआयबद्दल बोलताना लोक बँकरचीच उपमा देतात: मागून ढकलणारं इंजिन, पुढे ड्रायव्हर माणूसच. छान आहे. पण बाबा बोलत होते ते उतरण्याबद्दल.

उतरणाऱ्या गाडीला घाटात ठरलेल्या जागी थांबावंच लागतं. तिथले सांधे मुळात मेन लाइनला लावलेले नसतात. ते असतात कॅच सायडिंगला, म्हणजे डोंगरात वर चढून संपणाऱ्या एका आंधळ्या रुळाला. गाडी आली, थांबली, म्हणजे ब्रेक चालतायत हे सिद्ध झालं, की मग मेन लाइन मिळते. ब्रेक गेलेली गाडी थांबणार नाही, ती आपोआप सायडिंगवर चढून थकेल, आणि खाली कर्जत वाचेल.

"ड्रायव्हर पंचवीस वर्षांचा अनुभवी असला तरी?" मी विचारलं.

"कोणी असला तरी. गाडी चांगलीच असणार असं घाटात धरत नाहीत. आधी थांबून दाखवायचं."

मला तेव्हा जे आठवलं ते सांगायला हा लेख लिहायला घेतला. आमच्या कंपनीच्या बॉटमध्ये, म्हणजे मामाने वापरला तो नव्हे, आम्ही बनवतो तो, एक पायरी होती. ग्राहकाने गावाचं नाव सांगितलं आणि त्या नावाची दोन गावं असली, तर बॉट विचारायचा, "कुठला जिल्हा?" ती पायरी मी काढली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आकडे सांगत होते की प्रश्न विचारला की काही लोक गप्पा सोडून जातात. मी पायरी काढली, बॉट जलद झाला, महिन्याच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. कर्जतमध्ये जन्मलेल्या, दोन कर्जतांमुळे लहानपणापासून पार्सलं हरवलेल्या माणसाने हे केलं. मेन लाइन आधीच लावून ठेवली, कारण गाडी बहुतेक वेळा चांगलीच असते.

पुढच्या आठवड्यात ती पायरी मी परत घालायला सांगितली. वाद झाला, मधला तोडगा निघाला. गावाच्या नावात शंका असेल तर बॉट विचारतो, आणि ग्राहकाने उत्तर नाही दिलं तर माणसाकडे जोडून देतो. बॉट थोडा हळू झालाय. यावेळी मीटिंगमध्ये कौतुक वगैरे काही झालं नाही.

मामाने ते औषध घेतलं नाही. दोन रोपं उपटून, पिशवीत घालून तो कर्जतच्या भात संशोधन केंद्रात गेला. हे केंद्र १९१९ पासून आहे. 'कर्जत-३' सारखे वाण तिथलेच, आणि मामा लावतो तो भातही त्याच घराण्यातला. तिथल्या साहेबांनी रोप हातात घेतलं आणि उत्तर द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारले. खाचर कुठलं? पाणी किती दिवस उभं आहे? खत कधी टाकलं? मग म्हणाले, आधी बांध फोडून पाणी काढा, मग युरियाचा हप्ता द्या. मशीनने पाणी कमी सांगितलं होतं, रोग पाणी जास्तीचा होता.

मी मामाला म्हटलं, त्या ॲपला सांग एकदा, तू चुकलास म्हणून. त्याने सांगितलं. उत्तर आलं: "तुम्ही अगदी बरोबर आहात! क्षमस्व." आणि खाली पुन्हा पाच मुद्दे.

मामाने फोन माझ्यापुढे धरला. "ह्याला माफी मागाया कोनी सांगितली? तू फकस्त येवढं शिकव त्याला. पयलं इचारायचं, कंचं कर्जत?"